सांगलीचं ऊन वेगळं, बँकॉकचं वेगळं : उष्ण देशातली पहिली सहल कशी आखावी

एप्रिलमधली दुपार होती. बँकॉकच्या वाट फो मंदिरातला शेहेचाळीस मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध बघून आम्ही बाहेरच्या फरसबंद अंगणात आलो. माझे सासरे, आबा, तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. डोक्यावर टोपी नाही आणि हातातली पाण्याची बाटली तशीच भरलेली. "आबा, जरा सावलीत बसूया," म्हटलं तर म्हणाले, "अगं, आमच्या बेदाण्याच्या शेडवर ह्याच्या दुप्पट ऊन असतंय. हे काय ऊन हाय व्हय?"

दहा मिनिटांनी ते पायरीवर बसले ते उठेचनात. चेहरा पांढराफटक, शर्ट पिळला तर पाणी निघेल इतका ओला, आणि बोलणं तुटक. समोरच्या गाड्यावर शहाळी विकणारी बाई न सांगता बर्फाची पिशवी घेऊन आली आणि ती काखेत, मानेला लावा असं खुणेनं दाखवलं. तासाभरात आबा सावरले, पण पुढचे दोन दिवस खोलीतच गेले.

नंतर विचार केला तेव्हा गोष्ट त्यांच्याच धंद्यातली निघाली. तासगाव, जत, कवठेमहांकाळकडे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये द्राक्षं जाळीवर टाकली की पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतो, कारण आपली हवा कोरडी. ती द्राक्षातलं पाणी ओढून घेते, तसाच आपल्या अंगावरचा घामही ओढून घेते. घाम वाळताना अंग गार होतं. बँकॉकच्या हवेत आधीच इतका ओलावा असतो की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. तिथं जाळीवर द्राक्षं टाकली तर बेदाण्याऐवजी बुरशी मिळेल. तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर अंगाला ते ४१ अंशांसारखं लागतं. म्हणजे मोबाइलवर '३२' वाचून "एवढंच?" म्हणणारा सांगलीकर फसतो.

गंमत म्हणजे सांगलीसुद्धा उष्णकटिबंधातच आहे. कर्कवृत्त आपल्या बरंच वर, मध्य प्रदेशातून जातं, आणि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडंही भर दुपारी सावली पायाखाली गडप होते. पण आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर आणि समुद्रापासून लांब. मे महिन्यात रत्नागिरीला लग्नाला जाऊन पैठणी नेसून बसला असाल, तर मी काय म्हणते ते कळेल. पुढचं सगळं त्या हिशेबानं लिहिलंय.

आधी महिना, मग देश

बहुतेक जण उलटं करतात. कुणाचा तरी फुकेतचा फोटो बघून देश ठरतो, शाळेच्या सुट्टीप्रमाणे तारीख ठरते आणि तिथं गेल्यावर छत्री विकत घ्यावी लागते. आपण ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग बघितल्याशिवाय गावाबाहेर पडत नाही. मग परदेशातल्या पावसाला एवढं हलकं का घ्यावं?

या देशांत 'पाऊस कधी' याचं उत्तर किनाऱ्यागणिक बदलतं. थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या बाजूला, म्हणजे फुकेत आणि क्राबीला, साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस. पलीकडच्या आखातातल्या को सामुईला मात्र खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर. श्रीलंकेतही तसंच आहे. नैऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर कोलंबो-गॉलला झोडपतो, तेव्हा पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली कोरडं असतं. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळं तिथला कोरडा काळ एप्रिल ते ऑक्टोबर.

मे महिन्याची सुट्टी हाच पर्याय असेल तर माझं मत बालीला. श्रीलंकेला जायचंच असेल तर पूर्वेकडचा किनारा धरा. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामचं दा नांग आणि होई आन टाळा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथं पूर येतात. पुराची हौस आपली घरबसल्या भागते. नाताळात को सामुई सोडून थायलंड, श्रीलंकेचा दक्षिण किनारा, मलेशियातलं लंकावी ही सगळी ठिकाणं छान, पण तेव्हा दर चढलेले असतात. एप्रिलमध्ये बँकॉक म्हणजे वर्षातला सगळ्यात तापलेला महिना. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष असतं, रस्त्यात एकमेकांवर पाणी उडवतात, मुलांना मजा येते. आम्ही त्यासाठीच गेलो होतो. घरात सत्तरीची माणसं असतील तर जाऊ नका.

मार्चमध्ये बाली ठरवत असाल तर 'न्येपी', म्हणजे तिथल्या हिंदूंचा मौनाचा दिवस, कधी आहे ते बघा. त्या दिवशी अख्खं बेट चोवीस तास बंद असतं, विमानतळसुद्धा.

कागदपत्रं

आपल्या जिल्ह्याचा पासपोर्ट पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडून येतो. अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा आणि जवळच्या केंद्राची वेळ घ्यायची. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळला २००० जास्त. अठराखालच्या मुलांना १००० रुपये, पण त्यांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तेवढीच असते. धाकटीचा पासपोर्ट चालू आहे असं आम्ही गृहीत धरून बसलो होतो. कपाटातून काढला तेव्हा संपायला चार महिने राहिलेले. बहुतेक देश प्रवेशाच्या दिवशी किमान सहा महिन्यांची मुदत मागतात. म्हणून पहिलं काम, घरातले सगळे पासपोर्ट टेबलावर मांडून शेवटची तारीख वाचणं.

दुसरा घोळ नावांचा. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव या क्रमामुळं पासपोर्टवर मधलं नावही पहिल्या नावाच्याच रकान्यात येतं. तिकीट काढताना पासपोर्ट समोर ठेवा आणि दोन्ही रकाने त्यातून अक्षर न् अक्षर उतरवा. आधारवर 'सुनिता' आणि पासपोर्टवर 'सुनीता' असेल तर विमान कंपनीला फक्त पासपोर्ट कळतो.

व्हिसाचे नियम हलत राहतात. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली, पण अशा सवलती मुदतीच्या असतात आणि दिवसांची संख्याही बदलते. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचं पान स्वतः वाचा, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. व्हिसा लागत नसला तरी थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड मे २०२५ पासून सक्तीचं आहे. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर ते बनावट समजा. बालीला विमानतळावर किंवा आधी ऑनलाइन व्हिसा मिळतो, पाच लाख रुपियाह. आकडा बघून आबांनी कपाळाला हात लावला होता. रुपयांत ते तीन हजारांच्या आसपास होतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा पंचवीस डॉलर, आणि तिथं एका अक्षराची चूकसुद्धा चालत नाही.

केनिया-टांझानियाची सफारी ठरवत असाल तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. लस घेतल्याचं पिवळं कार्ड परतताना भारतातच मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. थायलंड, बाली, श्रीलंकेसाठी ही भानगड नाही.

विमानापर्यंत पोचणं

विमान मध्यरात्रीचं, मुंबईहून. सांगलीहून गाडीनं आठ तास लागतात असं आपण म्हणतो, पण कागल-साताऱ्यादरम्यान सहापदरीकरणाची कामं, खंबाटकी आणि नंतर खंडाळ्याचा घाट, वर शनिवार-रविवार असेल तर देवाक काळजी. मी आता विमानाच्या वेळेआधी चौदा तास घर सोडते. किंवा आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचं, नातेवाइकांकडं दुपारी झोप काढायची. म्हाताऱ्या माणसांना हे जास्त मानवतं. उष्ण देशात उतरण्याआधीच माणूस जागरणानं आणि कमी पाण्यानं सुकलेला असेल तर पहिल्याच दिवशी आडवा होतो.

दिवस कसा आखायचा

सगळ्यात जास्त डोकं इथं घाला. आमच्या पहिल्या सहलीत एजंटनं दिलेला कार्यक्रम असा होता: नऊला आरामात नाश्ता, दहा ते चार मंदिरं आणि राजवाडा, संध्याकाळी मॉल. म्हणजे उन्हात चालायचं दुपारी आणि एसीत फिरायचं संध्याकाळी! हा कार्यक्रम आहे तसा उलटा केला की अर्धं काम झालं.

आपल्याकडं रानात काम करणारी माणसं काय करतात? दिवस उजाडायला रानात, अकराला भाकरी, मग झाडाखाली आडवं, चारला पुन्हा काम. तेच करा. सहाला उठा, साडेदहापर्यंत बाहेरचं उरका. बँकॉकचा राजवाडा साडेआठला उघडतो आणि तिकीट विक्री साडेतीनला बंद होते, म्हणून साडेआठला दारात हजर. अकरा ते चार हॉटेलची खोली, संग्रहालय किंवा मॉल. जेवून तासभर झोपा. परदेशात जाऊन झोपायचं म्हणजे पैसे वाया, असं माझ्या नवऱ्याचं मत होतं. आता चार वाजता ताजातवाना होऊन तोच सगळ्यांना हाका मारतो. संध्याकाळी चाओ फ्राया नदीतून बोटीचा फेरा मारा, पलीकडच्या काठावर वाट अरुण मंदिरावर दिवे लागतात.

बालीत सूर्य सहा-साडेसहाला मावळतो आणि विषुववृत्त जवळ असल्यामुळं लगेच अंधार पडतो. आपल्याकडं उन्हाळ्यात सातपर्यंत उजेड असतो, त्या सवयीनं तिथं समुद्रावर सातला गेलात तर फक्त काळोख दिसेल.

अंगाला दमट उष्म्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि आपली सहलच तेवढी नसते. म्हणून पहिले दोन दिवस जाणूनबुजून हलके ठेवा. एका अर्ध्या दिवसात एकच ठिकाण. आणि दर रात्री हॉटेल बदलणारा कार्यक्रम सरळ नाकारा, दोन रात्रींपेक्षा कमी मुक्काम नको.

हॉटेल निवडताना पोहायचं तळं आणि नाश्त्यापेक्षा मी दोनच गोष्टी बघते: एसी खोलीतूनच चालू-बंद होतो का, आणि बस-मेट्रोपासून चालत किती मिनिटं. नकाशावरचं 'बारा मिनिटं' भर दुपारी, दोन मुलं आणि एक आबा घेऊन, पंचवीस मिनिटं असतं.

औषधं, पाणी, डास

जायच्या आधी महिनाभर तुमच्या डॉक्टरांना भेटा, विशेषतः घरात बीपी किंवा शुगरचं माणूस असेल तर. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. घामानं पाणी जात असताना त्यांचं काय करायचं हे डॉक्टरांनाच विचारा, मनानं गोळी बंद करू नका. गोळ्या मूळ पाकिटातच, चिठ्ठीसह, आणि सगळ्या हातातल्या पिशवीत. विमान कंपनीकडं सोपवायच्या मोठ्या बॅगेत इन्सुलिन कधीच ठेवायचं नाही. ट्रामाडोलसारख्या वेदनाशामकांवर आणि झोपेच्या गोळ्यांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत. तसल्या असतील तर दूतावासाचं पान बघा.

ओआरएसची पाकिटं माणशी दहा तरी घ्या. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पाकीट संपलं तर लिटरभर उकळलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर मीठ भरून निघत नाही, आबांना सांगून सांगून आम्ही दमलो होतो. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, उलटी झाली, अंग तापलं तर तो उष्माघात. वाट बघू नका. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९, पर्यटक पोलिसांचा ११५५.

डेंगीचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. म्हणजे आपण बाहेर पडतो नेमक्या त्याच वेळा. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की डासांचं मलम, हा क्रम पाळा. बालीतल्या माकडांना खायला देऊ नका; कुत्रं किंवा माकड चावलं, ओरखडलं तर साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस. तिथं २००८ पासून रेबीज आहे.

प्रवास विमा घ्या. आधीचे आजार त्यात लिहा. लपवले तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

बॅग

आपण म्हणतो, उन्हाळ्यात सुती घाला. कोरड्या हवेत बरोबर. दमट हवेत जाड सुती कपडा ओला होतो आणि दिवसभर ओलाच राहतो, मग मांड्या घासतात, घामोळं येतं, नायटा उठतो. पातळ मलमल, लिनन किंवा चटकन वाळणारं कापड बरं. जीन्स घरी. रोज दोन जोड धरा आणि अंतर्वस्त्रं त्याहून जास्त. देवळांसाठी खांदे-गुडघे झाकणारं काहीतरी हवं. साडीचा पदर चालतो, माझं काम त्यात भागलं. मॉलमधला एसी बोचरा असतो, एक शाल ठेवा. कोल्हापुरी नेऊ नका, एका सरीत कातडं फुगतं.

बॅगेत काय जाऊ द्यायचं नाही हे आपल्याकडच्या बायकांना मुद्दाम सांगायला हवं. खसखस! सिंगापूर आणि आखाती देशांत ती अमली पदार्थांत धरतात, म्हणून दिवाळीतले अनारसे घरीच संपवा. सिंगापूरला तंबाखूची पुडीही चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात घेऊ देत नाहीत. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट बिनधास्त न्या. थायलंडमध्ये रात्री अकराला भडंग-कांद्यानं आमची अब्रू राखली. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. थायलंड-बालीत आपला दोन पिनांचा प्लग बसतो, सिंगापूर-मलेशियाला चौकोनी तीन पिनांचा लागतो.

पैसे आणि जेवण

बँकेकडून फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून ठेवलेलं कार्ड) घ्या आणि थोडी रोख. रोख परकीय चलन साधारण एका सहलीला तीन हजार डॉलरपर्यंत मिळतं. डॉलरच्या नोटा कोऱ्या मागून घ्या. दुमडलेली, शाई लागलेली नोट तिकडं घेत नाहीत. थायलंडमध्ये एटीएममधून दर वेळी दोनशेहून जास्त बाट शुल्क कापतात, तेव्हा थोडे थोडे काढू नका. दुकानदार यंत्र पुढं करून "रुपयांत की बाटमध्ये?" विचारतो. बाट म्हणायचं. रुपये म्हटलंत की दर त्याच्या यंत्रामागची बँक ठरवते, आणि तो महाग पडतो. श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय सुरू झालंय. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर बिलात टीसीएस (कंपनीनं आधीच वसूल करून सरकारला भरायचा आयकर) दिसेल. ती रक्कम बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळती होते. पावती आणि पॅन बरोबर जुळतंय का तेवढं बघा.

शाकाहाऱ्यांनी थायलंडमध्ये 'जे' हा शब्द पाठ करावा. 'जे'च्या पाटीखाली मासे, अंडी, कांदा, लसूण काही नसतं. नुसतं 'मांस नको' सांगितलं तर माशाचा सॉस येतोच, तो त्यांच्या लेखी मिठासारखा. व्हिएतनाममध्ये शब्द 'चाय'; चहा मिळणार नाही, शाकाहारी जेवण मिळेल. गाड्यावरचं खायला हरकत नाही, पण गर्दीच्या गाड्यावर आणि डोळ्यांसमोर कढईतून निघालेलं. कापून ठेवलेली फळं मी घेत नाही, आंबा स्वतः सोलून खाते.

समुद्र आणि स्कूटर

कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेल्यांना समुद्राची भीती वाटत नाही, तिथंच गफलत होते. ओढ आत नेत असेल तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा, मग वळा. लाल झेंडा असेल तर गुडघाभर पाण्यातही नको.

स्कूटर भाड्यानं मिळते म्हणून चालवायची परवानगी आहे असं नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, फी हजार रुपये, मुदत वर्षाची, आणि त्यात दुचाकीचा शिक्का आहे का ते बघून घ्या. तो नसताना पडलात तर विमा हात वर करतो.

परत आल्यावर

दोन आठवड्यांत ताप आला तर "प्रवासाचा शीण" म्हणून क्रोसिनवर काढू नका. डेंगीचा ताप चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी येतो. डॉक्टरांकडं गेलात की पहिलं वाक्य हेच: कुठल्या देशात होतो आणि कुठल्या तारखेला परतलो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मात्र तोवर घेऊ नका, डेंगी असेल तर रक्तस्राव वाढतो.